रस्त्याकडेचा शेतमाल स्टॉल: नफा कुठे मिळतो, कुठे गळतो

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थंडीच्या दिवसांत स्ट्रॉबेरीचे स्टॉल उभे राहतात. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडकडे निघाले, की पावसाळा सरता सरता सीताफळांचे ढीग आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजिरांच्या पाट्या दिसू लागतात. बांबूचे चार खांब, वर ताडपत्री, लाकडी फळी, एक वजनकाटा आणि घरातील कोणी एक माणूस, एवढाच या दुकानाचा सरंजाम. शहरातून आलेल्या प्रवाशाला त्यात ताजेपणा दिसतो. स्टॉल लावणाऱ्या कुटुंबाला मधला व्यापारी टळून चार पैसे अधिक मिळण्याची आशा असते. गल्ला दिवसभर भरताना दिसतो. तथापि हंगामाच्या अखेरीस वही मांडली, तर बागेतूनच व्यापाऱ्याला माल दिला असता तरी जवळपास तेवढेच पदरात पडले असते, असा अनुभव येऊ शकतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचे विवेचन पुढे मुख्यतः याच दोन रस्त्यांच्या आधारे केले आहे.

ग्राहकाच्या रुपयातील वाटा

शेतकऱ्याने स्वतः विक्रीस बसावे असा आग्रह का धरला जातो, हे समजण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले अभ्यासनिबंध उपयोगी पडतात. ग्राहकाने मोजलेल्या रुपयापैकी केळी पिकविणाऱ्याच्या हाती सुमारे ३१ पैसे, द्राक्षे पिकविणाऱ्याच्या हाती ३५ पैसे आणि आंबा पिकविणाऱ्याच्या हाती ४३ पैसे पडतात, असे त्यांत नमूद आहे. टोमॅटोत हा वाटा ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे आहे. उरलेली रक्कम दलालाच्याच खिशात जाते, हा सर्वसाधारण समज मात्र बरोबर नाही. वाहतूक, हमाली, तोलाई, आडत, घाऊक व किरकोळ विक्रेत्यांचा नफा आणि वाटेत होणारी नासाडी हे सारे त्या रकमेत येते.

स्टॉल लावणारा शेतकरी या साखळीतील कड्या गाळतो तेव्हा त्या कड्यांची कामेही स्वतःच्या अंगावर घेतो. प्रतवारी, भरणे, वाहणे, दिवसभर ग्राहकाची वाट पाहणे आणि संध्याकाळी न खपलेल्या मालाचा तोटा सोसणे, ही सर्व कामे यापुढे त्याची असतात. यांतील शेवटचे काम सर्वांत महाग असते आणि नेमके तेच हिशेबात धरले जात नाही.

थेट विक्रीचा विचार नवा नाही. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली. तमिळनाडूतील ‘उझवर संधाई’ आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील ‘रयतु बाजार’ या दोन्ही १९९९ च्या. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त करण्यात आला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान हाती घेण्यात आले. आठवडे बाजारात ग्राहक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येतो. रस्त्याकडेच्या स्टॉलला ती निश्चिती नसते. तेथे आज किती गाड्या थांबतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि सारा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

एका दिवसाचा हिशेब

हिशेबापुरते काही आकडे धरून पाहू. एका स्टॉलवर दिवसाला ४० किलो स्ट्रॉबेरी येते. व्यापारी बागेत येऊन किलोला १०० रुपये देतो. म्हणजे स्टॉल न लावता ४,००० रुपये घरात येतात. स्टॉलवर हाच माल २०० रुपयांनी विकला जातो. वरवर पाहता उत्पन्न दुप्पट.

आता दिवस संपल्यावर काय दिसते ते पाहावे. ४० पैकी ३० किलो विकले गेले, ४ किलो चव दाखविण्यात, दाबले जाण्यात आणि खालच्या थरात पाणी सुटण्यात गेले, ६ किलो उरले. ते प्रक्रियेसाठी ५० रुपयांनी द्यावे लागले. एकूण जमा ६,३०० रुपये. त्यातून दोन माणसांची मजुरी १,००० रुपये, पाव किलोहून लहान अशा २०० ग्रॅमच्या १५० डब्यांचे प्रत्येकी चार रुपयांप्रमाणे ६०० रुपये आणि मांडव, वाहतूक, किरकोळ खर्च २०० रुपये वजा केले, की ४,५०० रुपये राहतात. व्यापाऱ्यापेक्षा अधिक मिळाले ते फक्त ५०० रुपये. घरातील दोन माणसे दिवसभर बसली म्हणून मजुरी धरलीच नाही, तर हा फरक १,५०० दिसतो. स्टॉल फायद्यात असल्याचा भास बहुतेकदा असा निर्माण होतो. स्टॉलवर बसणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री किंवा वृद्ध असते आणि त्यांच्या वेळाला किंमत नाही, असे हिशेब लिहिणाऱ्याने परस्पर ठरविलेले असते.

याच दिवशी भाव दहा टक्क्यांनी वाढविला आणि एकही ग्राहक परत गेला नाही असे मानले, तर व्यापाऱ्यापेक्षा १,१०० रुपये अधिक मिळतात. भाव तोच ठेवून ३० ऐवजी ३६ किलो विकले गेले, खराबी एक किलोवर आणि शिल्लक तीन किलोवर आली, तर डब्यांचा वाढीव खर्च धरूनही हा फरक १,४३० रुपये होतो. भाव वाढविला की काही ग्राहक तुटतातच; शिल्लक आणि खराबी कमी केल्याने कोणी तुटत नाही. स्टॉलचा नफा वाढवायचा असेल तर पहिले लक्ष फळीवरच्या भावापेक्षा संध्याकाळच्या टोपलीकडे द्यावे लागते, ते यामुळे.

किती माल आणावा

बहुतेक स्टॉलवर जेवढी तोडणी झाली तेवढा सगळा माल मांडला जातो. हे सोयीचे असले तरी खर्चिक आहे. महाबळेश्वरची वर्दळ शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत असते; नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांचे गणित निराळे. फळाला मात्र वार कळत नाही. एक-दोन दिवसांआड तोडणी करावीच लागते. कडाक्याच्या थंडीत तयार फळ झाडावर एखादा दिवस थांबू शकते, उन्हे तापू लागली की तेही नाही.

यावर उपाय म्हणजे एक साधी वही. तारीख, वार, हवामान, आणलेला माल, विकलेला माल, उरलेला माल आणि शेवटची मोठी विक्री किती वाजता झाली, एवढ्या नोंदी रोज केल्या, तर पाच-सहा आठवड्यांत मंगळवारी किती खपते व रविवारी किती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. त्यानुसार मंगळवारच्या ४० किलोपैकी १५ किलोच स्टॉलसाठी ठेवून उरलेला माल सकाळीच, ताजा असताना, व्यापाऱ्याला पूर्ण भावात देता येतो. सकाळी १०० रुपयांना जाणारा माल संध्याकाळी ५० ला देणे हीच खरी गळती. व्यापाऱ्याशी संबंध तोडून सगळा माल स्वतः विकण्याचा हट्ट लहान बागायतदाराला परवडत नाही; दोन्ही वाटा चालू ठेवणाऱ्याची बाजू अधिक बळकट असते, आणि स्टॉलवरचा भाव माहीत असल्याने व्यापाऱ्यासमोर बोलण्यासही आधार मिळतो.

संध्याकाळी भाव पाडावा की नाही, हा वादाचा विषय. याचे उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. पाचगणीच्या रस्त्यावरचा पर्यटक पुन्हा उद्या येणार नसतो. त्याला पाच वाजता दोन डब्यांवर एक डबा कमी भावात दिल्याने पुढचा बाजार बिघडत नाही. सासवड रस्त्यावर मात्र रोज पुण्याला ये-जा करणारे लोक असतात. सहानंतर अंजीर स्वस्त होते हे त्यांना आठ दिवसांत कळते आणि मग पाच वाजता कोणी थांबेनासे होते. तेथे भाव स्थिर ठेवून माल कमी आणणे श्रेयस्कर.

नासाडीचे कारण

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार फळांची काढणीनंतरची हानी पिकानुसार ६.७ ते १५.८८ टक्के इतकी भरते. स्टॉलवरची हानी बहुधा तीन गोष्टींमुळे होते: ऊन, ओल आणि भार. स्ट्रॉबेरी उन्हे चढण्यापूर्वी तोडावी, देठासह तोडावी आणि विकण्यापूर्वी धुऊ नये. धुतलेल्या फळाला काही तासांत बुरशीचा मार्ग मोकळा होतो. उथळ क्रेटमध्ये दोन-तीन थरांहून अधिक माल रचला, की खालचे फळ वरच्याच्या वजनाने चेपते आणि एका चेपलेल्या फळाचा रस शेजारच्या दहांना बिघडवतो. लालचुटूक ढीग ग्राहकाला खेचतो म्हणून तो रचला जातो. त्याऐवजी मागे सावलीत भरलेले डबे ठेवून पुढे लहानसा ढीग दाखविण्यापुरता ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पुरंदरसारख्या कोरड्या भागात भाजी व पेरू टिकविण्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू आणि त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, अशी त्याची रचना असते. बाष्पीभवनामुळे कडक उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरपेक्षा दहा ते पंधरा अंशांनी कमी राहू शकते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. वीज लागत नाही. कोकणातील दमट हवेत मात्र हे तंत्र फारसे चालत नाही, कारण हवेतच ओल असल्यावर पाणी उडणार कोठून?

जे बाजारात मिळत नाही

स्टॉलने बाजारपेठेतील मालाशी भावात स्पर्धा करणे व्यर्थ आहे. त्याचे बळ वेगळ्याच गोष्टीत असते. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. तिचा रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. मुंबई किंवा त्याहून दूर जाणारे फळ प्रवासात टिकावे म्हणून पूर्ण रंग येण्याआधीच तोडावे लागते. म्हणूनच शहरात मिळणारी स्ट्रॉबेरी दिसायला देखणी आणि चवीला आंबट निघते. रस्त्याकडेच्या स्टॉलला ही सक्ती नाही. तेथे झाडावर पूर्ण लाल झालेले फळ त्याच सकाळी येऊ शकते. अंजिराचेही तसेच. देठापाशी मऊ पडलेले, साल किंचित तडकलेले अंजीर चवीला सर्वोत्तम, पण ते फार दूर जाऊ शकत नाही. ज्यांना लांब पाठविता येत नाही अशी फळे स्टॉलसाठी आणि टणक माल बाजारासाठी, अशी विभागणी बागेतच केली, तर दोन्हीकडे चांगला भाव मिळतो.

सीताफळाची गोष्ट उलट आहे. ते तोडल्यावर दोन-चार दिवसांत पिकते. डोळे उघडून त्यांमधील भाग पांढुरका-पिवळसर दिसू लागला की फळ तोडणीस आले असे समजतात. पुण्यात परतणाऱ्या कुटुंबाला सहा फळे हवी असतात ती एका दिवशी खाण्यासाठी नव्हे. अशा वेळी ‘आजची’, ‘उद्याची’ आणि ‘परवाची’ असे तीन भाग करून प्रत्येकातून दोन-दोन फळे देणारा विक्रेता ग्राहकाच्या लक्षात राहतो. पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवल्यास साल काळी पडते, एवढे एक वाक्य सोबत सांगितले तरी पुढच्या आठवड्यातील तक्रार वाचते. या कामाला खर्च शून्य येतो आणि ते करणारे स्टॉल मोजकेच दिसतात.

जागा आणि पाटी

पर्यटक फळे घेतो ती परतताना. त्यामुळे महाबळेश्वरहून वाईकडे उतरणाऱ्या वाहनांच्या डाव्या हाताला असलेली जागा जाणाऱ्या बाजूच्या जागेपेक्षा अधिक मोलाची ठरते. पसरणी घाटात किंवा दिवे घाटात वळणावर थांबणे धोक्याचे असल्याने स्टॉल सरळ रस्त्यावर आणि दोन-तीन गाड्या रस्त्याबाहेर उभ्या राहतील एवढी मोकळी जागा असलेल्या ठिकाणी हवा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. स्टॉलवरच टांगलेली पाटी वाचून होईपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते. शंभर मीटर आधी लावलेली पाटी चालकाला सहा सेकंद देते, आणि त्या सहा सेकंदांत तीन-चारच शब्द वाचून होतात. ‘अंजीर, आजची तोडणी’ एवढे पुरेसे आहे. भावही तेथेच लिहावा. भाव विचारावा लागेल आणि मग घासाघीस करावी लागेल, या धास्तीनेच शहरी माणूस पुष्कळदा गाडी थांबवीत नाही.

जागा शक्यतो स्वतःच्या किंवा संमती घेतलेल्या खासगी जमिनीत असावी. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीतील जमिनीवर परवानगीवाचून काही उभारणे २००२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. रस्ता रुंदावला की प्रथम हेच मांडव जातात आणि वर्षानुवर्षे जोडलेले ग्राहकही त्यांच्याबरोबर जातात.

विश्वासाचा व्यवहार

‘शेतकऱ्याकडून थेट’ अशी पाटी लावून बाजार समितीतून आणलेला माल विकणारे स्टॉल या रस्त्यांवर थोडे नाहीत. कर्नाटकातून आलेला आंबा ‘देवगड’ म्हणून खपविण्याचा प्रकार तर सर्वपरिचित आहे. यामुळे प्रामाणिक बागायतदाराचे होणारे नुकसान मोठे आहे, कारण दोघांचे मांडव दिसायला सारखेच असतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ते नाव अधिकृतपणे वापरण्यासाठी उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ती केली असल्यास प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर दर्शनी लावावी.

स्वतःचा माल अपुरा पडला तर शेजाऱ्याचा घेण्यात काहीच गैर नाही. फळीवर निरनिराळी चार फळे असली की थांबणारी गाडी अधिक खरेदी करते, हेही खरे. फक्त तो कोठला, हे उघड सांगावे. हिशेबही वेगळा ठेवावा. स्वतः पिकवून तसाच विकलेला माल प्राप्तिकराच्या दृष्टीने शेती उत्पन्नात मोडतो, विकत घेऊन विकलेला मोडत नाही.

वजनकाटा हा विश्वासाचा दुसरा भाग. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैध मापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे लागते. काटा ग्राहकाला आकडे दिसतील असा ठेवावा आणि डब्याचे वजन वगळून फळ मोजावे. फळ पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर दहा लाख भागांत शंभर भाग या मर्यादेपर्यंत चालतो. स्टॉलवाल्याला या दोहोंची गरज सहसा पडू नये, कारण आढीत पिकविण्याइतका वेळ त्याच्यापाशी असतो.

पैसे घेण्याच्या पद्धतीने एक अनपेक्षित लाभ दिला आहे. २०१६ नंतर रुळलेल्या यूपीआयमुळे सुट्ट्या पैशांची कटकट कमी झालीच, शिवाय दिवसभराच्या विक्रीची वेळेनुसार नोंद आपोआप राहू लागली. वर सांगितलेल्या वहीचे अर्धे काम त्यामुळे होते. मात्र घाटमाथ्यावर मोबाइलला रेंज नसते, हे लक्षात घेऊन रोख सुटे पैसे जवळ ठेवावे लागतात.

उरलेल्या फळाचे काय

एवढे करूनही काही माल उरतोच. क्रश, जॅम, सरबत ही त्याची नेहमीची वाट. येथे एक फरक ध्यानात घ्यावा. शेतकऱ्याच्या हातातील ताजे, नैसर्गिक स्थितीतील फळ २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. तेच फळ शिजवून बाटलीत भरले, की नोंदणी आवश्यक होते. त्यासोबत लेबल, बाटल्या, साखर आणि गॅस यांचा खर्च येतो. दिवसाला तीन किलो उरत असतील तर स्वतंत्र उद्योग थाटण्यापेक्षा गावातील बचत गटाकडे किंवा नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडे फळ देऊन ठरलेल्या मोबदल्यात बाटल्या परत घेणे सोपे पडते. जॅमचा खरा उपयोग आणखी एक आहे: प्रवासात चिरडेल म्हणून ताजे फळ न घेणारा ग्राहक बाटली घेतो आणि फळ नसलेल्या महिन्यांतही स्टॉल उघडा ठेवता येतो.

उरलेले फळ जॅमसाठी योग्य असते, हा समजही तपासून घ्यावा. मऊ पडलेले चालते. बुरशी लागलेले किंवा आंबलेले चालत नाही. संध्याकाळी निवड न करता सगळी टोपली पातेल्यात ओतणाऱ्याची पुढची बाटली ग्राहक घेत नाही.

ग्राहकाला बागेत नेऊन स्वतः फळे तोडू देण्याची पद्धत महाबळेश्वर-भिलार परिसरात रुळली आहे आणि २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणानंतर तिला अधिकृत चौकटही मिळाली. तोडणीची मजुरी वाचते, भाव अधिक मिळतो. पण सुट्टीच्या दिवशी दोनशे अनोळखी पावले वाफ्यांतून फिरतात. त्यासाठी बागेचा एक कोपरा राखून ठेवावा, संपूर्ण बाग खुली करू नये.

जूनमध्ये महाबळेश्वरात पावसाचा जोर धरला की मांडव उतरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नव्या रोपांची लागवड होते आणि त्याआधीच कोणती जात किती गुंठ्यांत लावायची हे ठरवावे लागते. स्टॉलची वही या वेळी बाहेर काढावी. नाताळच्या आठवड्यात माल कमी पडला होता आणि फेब्रुवारीतील सोमवार-मंगळवारी टोपल्या परत आल्या होत्या, असे तीत दिसत असेल, तर लवकर येणाऱ्या जातीचा वाटा वाढविणे आणि सगळी लागवड एकाच आठवड्यात न उरकता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत करणे, हे निर्णय तेव्हाच घेता येतात.